दहा कोटी चौऱ्याऐंशी लाख एक हजार एक्केचाळीस

३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

आजपासून प्रोजेक्ट सुरू. नवी वही. सहा पेन्सिली. खोडरबर एकच, जास्त लागणार नाही.

आकडा: १०,८४,०१,०४१.

अकरा वर्षांपूर्वी दादाने हा चिठ्ठीवर लिहून माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. त्याच्या रिटायरमेंटचं जेवण होतं. मी चारचौघांत सहज म्हणालो की आम्ही दोघे भाऊ जन्मभर आकड्यांतच राहिलो, तो हवामान खात्यात आणि मी छापखान्यात. दादा हसला. म्हणाला, धाकट्या, तू आकडे छापलेस, त्यांच्याशी बोललास कधी? सगळे हसले. मी अर्ध्या ताटावरून उठलो. दादा रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धापा टाकत मागे आला, चिठ्ठी दिली आणि म्हणाला, एवढा मोड आणि परत ये.

मोडायचा म्हणजे कोणत्या संख्यांच्या गुणाकारातून तो झाला ते शोधायचं. कशानेच मोडला नाही तर ती मूळ संख्या, आणि तसं सिद्ध करायचं.

मोडला नाही, म्हणून गेलो नाही. साधी गोष्ट आहे. अकरा वर्षांत तीनदा सुरुवात केली होती, पण नोकरी होती. आता मीही रिटायर आहे.

परवा वहिनींचा हिला फोन आला. दादाचं हृदय दमलंय. डॉक्टरांनी काळजी घ्या म्हणून सांगितलं. (हे ते सर्दीलाही सांगतात.) ही म्हणाली, बसने पाऊण तासाचा रस्ता, उद्या जाऊन येऊ. मी म्हणालो, जाऊ की. पण रिकाम्या हाताने नाही. आकडा मोडतो आणि जातो.

४ फेब्रुवारी

प्राथमिक तपासणी दहा मिनिटांत उरकली. विषम आहे, म्हणून दोनने जात नाही. शेवटी एक, म्हणून पाचाने नाही. अंकांची बेरीज एकोणीस, म्हणून तीनने नाही. अकराची कसोटीही लावली, नाही. शाळेतलं सगळं आठवतंय. दादाने हे बघायला हवं होतं.

१०,४११ च्या पुढे बघायची गरज नाही. दोन्ही अवयव त्याहून मोठे असतील तर गुणाकार आकड्याच्या पुढे जातो. तिथपर्यंत मूळ संख्या पावणेतेराशेला एक कमी. आमच्याच प्रेसने छापलेलं तक्त्यांचं पुस्तक आहे माझ्याकडे, बाइंडिंग उलटं लागलं म्हणून घरी आणलेलं. रोज पंधरा भागाकार, म्हणजे तीन महिनेसुद्धा नकोत.

महत्त्वाचा निर्णय: वरून खाली यायचं. लोक खालून सुरू करतात आणि तिथेच चुकतात. चिल्लर संख्येने मोडेल असा आकडा दादा देणारच नाही. त्याने अवयव उंचावर लपवले असणार. माझा भाऊ आहे, मला माहीत आहे.

९ फेब्रुवारी, दुपारी

१०,३९९ ने भागलं. बाकी १,८६५. छान सुरुवात. पहिल्याच फटक्यात शून्य आलं असतं तर मजा गेली असती.

आजवर एकूण अकरा भागाकार. नव्वद व्हायला हवे होते. पण टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घालण्यात एक दिवस गेला. शिवाय हिचा मिक्सर. उद्यापासून सकाळी पाचला उठायचं.

१० फेब्रुवारी, सकाळी ८.४०

उठलो.

२१ फेब्रुवारी

मुलगी दोन दिवस राहून गेली. टेबलावरचे कागद बघून म्हणाली, बाबा, हे मोबाईलवर डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोच होईल. मी सक्त मनाई केली. तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने विचारलं, काकांनी तसं चिठ्ठीत लिहिलंय का? हल्लीच्या मुलांना तत्त्व लेखी लागतं.

जाताना ती काकाला भेटायला गेली. प्रोजेक्टबद्दल चकार शब्द काढायचा नाही असं मी तिला बजावलं. हिलाही. सरप्राइज फुटलं तर एवढ्या मेहनतीचं काय राहिलं?

संध्याकाळी तिचा फोन. काका खुर्चीत बसले होते. बाबा काय करतो म्हणून विचारलं. ती म्हणाली, मजेत आहेत. येणार आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, बघू. मग काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि तिला म्हणाले की आज पश्चिमेचे ढग आहेत, लवकर नीघ. चोख काम केलं पोरीने. काही फोडलं नाही.

१४ मार्च, दुपारी ४.०५

फुटला! ८,८८७ गुणिले १२,१९७. बाकी शून्य!

मी ओरडलो तशी ही स्वयंपाकघरातून धावत आली. मी म्हणालो, कपडे बदल, दादाकडे जायचंय. तिने हात पुसले आणि कागद बघितला. उभ्या उभ्या बघितला, चष्माही न लावता.

४.३०

नाही फुटला. ही म्हणाली, दोन्हींच्या शेवटी सात आहेत. सात साती एकोणपन्नास, म्हणजे गुणाकाराच्या शेवटी नऊ यायला हवा, तुमच्या आकड्याच्या शेवटी तर एक आहे. हातचा एका ठिकाणी विसरला होता. बाकी ६,३०२.

मी तिला म्हणालो, तू जरा सांभाळून बोलत जा. ती म्हणाली, मग असंच जाऊ या का? आकड्याशिवाय? साडी बदललीच आहे. मी म्हणालो, असं कसं. तिने साडी परत बदलली.

१५ मार्च

या चुकीमुळे आत्मविश्वास ढळलेला नाही. फक्त मागचे सगळे भागाकार पुन्हा तपासावे लागतील.

२९ मार्च

नुसतं भागत बसण्यात अर्थ नाही. आकड्याचा सर्वांगीण अभ्यास हवा. तो आतून कसा आहे हे कळल्याशिवाय बाहेरून काय मोडणार?

आज एक प्रकार वाचला: आनंदी संख्या. प्रत्येक अंकाचा वर्ग करायचा, बेरीज करायची, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. शेवटी एक आला तर संख्या आनंदी. आपला आकडा घेतला. ९९ आले. मग १६२. मग ४१, १७, ५०, २५, २९, ८५, ८९. एकोणनव्वदनंतर १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८ आणि फिरून ८९. पुन्हा तेच. घाण्याच्या बैलासारखं. कितीही वेळ करा, एक येत नाही.

आकडा आनंदी नाही. यात माझा दोष नाही, तो मला तसाच मिळाला होता. नोंद करून ठेवली.

भागाकार आज शून्य.

१२ एप्रिल

दादा चार दिवस हॉस्पिटलमध्ये होता. काल घरी सोडलं. ही एकटी जाऊन आली.

आल्यावर मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, पाय सुजलेत. आडवं झालं की श्वास लागतो, म्हणून खुर्चीतच झोपतात. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करत होते.

माझ्या गुडघ्यांची.

लहानपणी मी सायकल शिकताना रोज पडायचो. आई रागवेल म्हणून दादा मला नळाखाली न्यायचा, गुडघे धुवायचा आणि दुखू नये म्हणून पाढे म्हणायला लावायचा. एकोणतीसचा पाढा मला तेव्हापासून पाठ आहे. पलीकडच्या गल्लीत कुणाला येत नव्हता.

हिला काय सांगायचं होतं ते तिने तोंडाने सांगितलं नाही. मला काय करायचं ते कळलं. उद्यापासून रोज तीस. हयगय नाही.

१३ एप्रिल

दोन.

५ मे

५,००३ ने भागलं. बाकी १,०४०. म्हणजे उंचीने निम्म्याच्या खाली उतरलो, पण खाली मूळ संख्यांची दाटी जास्त. अजून साडेसहाशेच्या वर आहेत. नवी तारीख: १५ सप्टेंबर. ही तारीख फायनल.

आता मला शंका येतेय की हा आकडा मोडणारच नाही. मूळ संख्याच असणार. दादाने मला न मोडणारा आकडा दिला, आणि अट काय, तर मोड आणि परत ये. म्हणजे येऊच नकोस. किती थंड डोक्याचा माणूस! आणि मी त्याच्यासाठी डोळे फोडतोय.

हिला सांगितलं. ती म्हणाली, भाऊजींना मी पस्तीस वर्षं ओळखते, ते असं करणार नाहीत. मी म्हणालो, तू आकडे ओळखत नाहीस. ती म्हणाली, मी भाऊजींना ओळखते म्हणाले.

२७ मे, दुपारी १.१५

पेन्सिली आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर ही माझ्या खुर्चीत. वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहीत होती. साडी बदललेली, पर्स मांडीवर.

म्हणाली, वहिनींचा फोन आला होता, रडत होत्या. फुफ्फुसात पाणी झालंय. मी म्हटलं, एकदाचं मोडू या आणि निघू या, म्हणून बसले. तीनने जात नाही असं तुम्ही लिहिलंच होतं. मग सातने बघितलं.

सातने जातो.

१,५४,८५,८६३. बाकी शून्य.

मी चारदा तपासलं. मग उलटा गुणाकार केला. शेवटचा अंक बघितला. तीन साते एकवीस. बरोबर.

हिला सात मिनिटंही लागली नाहीत. ती चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चला. मी म्हणालो, आज नको.

२८ मे

रात्री झोप नाही. सकाळी मुलीला फोन करून मोठा अवयव सांगितला आणि म्हणालो, बघ तुझ्या मोबाईलवर. (तत्त्वाचा प्रश्न आता राहिलेला नाही.) तिने बघितलं. मूळ संख्याच आहे. आणि साधीसुधी नाही. दोन, तीन, पाच, सात अशा मूळ संख्या मोजत गेलं तर ही बरोब्बर दहा लाखावी येते.

म्हणजे दादाने त्याच्या खजिन्यातली एक उत्तम संख्या काढली आणि तिला सातने गुणून माझ्या खिशात टाकली.

सातच का, हे मला कळतंय. दोनने, पाचाने, तीनने मोडलं असतं तर नुसतं बघून कळलं असतं, आणि मला ते लागलं असतं. सातला एक भागाकार करावा लागतो. एकच. घरी जाऊन चहा होईपर्यंत तो झाला असता, मी चिडून त्याच संध्याकाळी परत गेलो असतो, चिठ्ठी सगळ्यांसमोर टेबलावर आपटली असती, आणि दादा म्हणाला असता, बघा, आहे की नाही माझा भाऊ. तो हसला होता ना सगळ्यांसमोर, ते त्याला सगळ्यांसमोरच भरून द्यायचं होतं. एवढंच होतं ते. रस्त्याच्या कोपऱ्यावर धापा टाकत उभ्या उभ्या त्याने एवढं केलं.

मी अकरा वर्षं घालवली.

आता कोणत्या तोंडाने जाऊ? दारात उभं राहून सांगू, दादा, सात?

२८ मे, संध्याकाळी

मार्ग सापडला. पुस्तिका काढायची! आकड्याचा संपूर्ण अभ्यास, छापील. म्हणजे सात तर मला पहिल्याच संध्याकाळी सापडला होता, पुढची वर्षं सखोल संशोधनात गेली, असं आपोआप दिसेल. खोटं बोलावंही लागणार नाही. चार दिवसांचं काम.

हिला सांगितलं. ती आत जाऊन पडली.

३० मे

मजकूर तयार. बरेच नवे गुण सापडले.

विषम. संयुक्त. अवयव मूळ, आणि दोनच. उलटा वाचला तर वेगळा. दोन वर्गांची बेरीज करून मिळत नाही, सात आड येतो. आनंदी नाही.

शिवाय उणा. आपल्याहून लहान सगळ्या विभाजकांची बेरीज आपल्याइतकी भरली तर संख्या परिपूर्ण म्हणायची, कमी भरली तर उणी. याचे तीनच: एक, सात आणि तो मोठा. बेरीज १,५४,८५,८७१. स्वतः दहा कोटींच्या वर, आणि घरची सगळी मिळून दीड कोटी. फार कमी माणसं आहेत याच्याजवळ.

१ जून

जुन्या प्रेसमध्ये गेलो. मालकाच्या मुलाने आता सगळं कॉम्प्युटरवर केलंय, पण माझं नंबरिंगचं मशीन मागच्या खोलीत आहे. त्याने हसून परवानगी दिली. मुखपृष्ठावरचा आकडा मी हातानेच छापणार. चौतीस वर्षं पावत्यांवर नंबर टाकले, एक नंबर कधी दुबार गेला नाही की गळला नाही. दादाला ते छापणं काय असतं ते एकदा दिसू दे.

अडचण: मशीनला चाकं सहा आणि आकडा नऊ अंकी. दोन मशीनं शेजारी बसवावी लागतील. डावीकडे १०८, उजवीकडे ४०१०४१. दोन्हींची ओळ जुळायला हवी, नाहीतर आकडा दोन तुकड्यांत दिसेल.

३ जून

ओळ जुळत नाही. केसभर फरक. दादाची नजर बारीक आहे, त्याला दिसेल.

वहिनींनी हिला विचारलं, भाऊजी येतायत का. ही म्हणाली, येतायत. एवढंच सांगितलं. गुपित ठेवलं.

४ जून, संध्याकाळी

ओळ जुळली! खुशीत वीस प्रती काढल्या. वाळत घालताना बघितलं. पहिलीवर ४०१०४१. दुसरीवर ४०१०४२. तिसरीवर ४०१०४३.

नंबरिंगचं मशीन प्रत्येक ठोक्याला एकने पुढे सरकतं. त्याचं कामच ते. एकाच आकड्यावर थांबवायचं तर खिट्टी लावावी लागते. ती लावायला विसरलो. चौतीस वर्षं जे मशीन पुढे जाऊ दिलं, त्याला थांबवायची कधी वेळच आली नव्हती.

एकच प्रत बरोबर आहे. पण एकच लागते.

जायचा दिवस ठरला. परवा शनिवार, परवाच निघालो असतो, पण शनिवारी बसला गर्दी असते आणि कागद चुरगळेल. रविवारी सकाळी साडेआठची बस. नक्की.

६ जून, सकाळी ६.३०

वहिनींचा फोन. पाच वाजता दादा गेला. खुर्चीतच.

९ जून

तीन दिवस लिहिलं नाही.

शनिवारी पोचलो तेव्हा बस रिकामी होती. दादाला बघितलं. फार लहान दिसत होता. अकरा वर्षांपूर्वी माझ्या मागे धावला तो माणूस आडदांड होता. मी त्याच्या पायांजवळ बसलो. त्याला कुठे हात लावावा ते समजेना, शेवटी गुडघ्याला लावला. तिथे मी रडलो. बायका बघत होत्या, तरी रडलो. पुस्तिका पिशवीतच राहिली.

आज दुपारी घरातली माणसं पांगल्यावर वहिनी आमच्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, भाऊजी, मनाला लावून घेऊ नका, त्यांचा तुमच्यावर राग नव्हता. मी म्हणालो, माहीत आहे. त्या म्हणाल्या, त्या दिवशी पाहुणे गेल्यावरही जेवले नाहीत. तुमचं ताट झाकून ठेवायला लावलं. म्हणत होते, धाकटा येईल इतक्यात, सोपाच दिलाय, आणि त्याचा हात भागाकारात लहानपणापासून माझ्यापेक्षा चांगला.

नंतर मी कितीदा म्हटलं, वहिनी सांगत होत्या, की तुम्हीच फोन करा, मोठे आहात. तर म्हणायचे, नको. त्याला ते त्याच संध्याकाळी सुटलं असणार. सुटूनही आला नाही, म्हणजे त्याला यायचं नाही. माझं हसणं त्याला फार लागलं. त्याला ओढू नकोस. शेवटच्या आठवड्यातही हेच म्हणाले.

मग वहिनींनी माझ्याकडे बघून विचारलं, त्याच संध्याकाळी सुटलं होतं ना तुम्हाला?

ही खाली बघत होती.

मी हो म्हणालो.